मला वीजखाऊ म्हणाले

मित्रांनो, मी घरातली हवा स्वच्छ करणारे यंत्र आहे. या घरात मला अकरा महिने 'वीजखाऊ' म्हणत होते. आज मला माझी बाजू मांडायची आहे, आणि ती रागाने मांडणार आहे.

कारखान्यात माझ्या पोटात घड्याघड्यांचा फिल्टर बसवला. प्रवासात त्याला धूळ लागू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला. सोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक छापले, की आधी पिशवी काढा, मगच यंत्र चालू करा.

या घरातले आजोबा सुतार. चाळीस वर्षे लाकडाचा भुसा छातीत गेला, आता जिना चढताना तीनदा थांबतात. ते लेकीकडे राहायला आले, म्हणून जावयाने मला आणले. पुस्तिका त्याने उघडलीच नाही.

"वाचायचं काय त्यात? मिक्सर आणला तेव्हा कुठे वाचलं होतं?" असे म्हणून त्याने बटण दाबले.

हवा मळकी असली की माझा पंखा पूर्ण वेगाने फिरतो. ती निवळली की मी आपोआप मंदावतो, आणि मग मला लहानशा दिव्याइतकीच वीज लागते. पण पिशवीत बांधलेला फिल्टर हवा गाळणार कसा? हवा मळकीच राहिली. मी रात्रंदिवस ऊर फुटेस्तोवर धावलो आणि धुळीचा एक कण धरला नाही. वीज मात्र पुरेपूर खाल्ली.

"बिल बघितलंस? आणि बाबांचा खोकला आहे तिथेच," लेक नवऱ्याला म्हणाली. आजोबांनी ते आतल्या खोलीतून ऐकले.

दुसऱ्या दिवसापासून लेक-जावई कामाला गेले की आजोबा मला बंद करायचे आणि ते परतायच्या आत पुन्हा चालू करायचे.

"बाबा, धाप अजून लागतेय का?"

"छे गं. जरा उठलो ना, म्हणून."

एका रविवारी जावई म्हणाला, "उद्या भंगारवाल्याला देऊन टाकतो हे."

"थांबा, पुसून देऊ," आजोबा म्हणाले. "मळकं हत्यार कुणाच्या हातात देत नाहीत." आयुष्यभराची सवय ती. फडके घेऊन बसले, अंगठ्याने माझे मागचे झाकण उघडले, आणि पिशवीसकट फिल्टर बाहेर काढून मांडीवर ठेवला.

"जावईबापू," आजोबा म्हणाले, "पाय न लावता खुर्ची दिलीत, आणि वर खुर्चीलाच नावं ठेवलीत."

जावयाचे कान लाल झाले. त्याने पिशवी काढली आणि फिल्टर परत बसवला. त्या दुपारी मी पहिल्यांदा मंदावलो.

सोमवारी लेक डबा विसरली म्हणून परत आली, तर सवयीने बापाचा हात माझ्या बटणावर.

"रोज बंद करत होतात?"

"तुमचं बिल वाढत होतं ना," ते म्हणाले. ती तिथेच जमिनीवर बसली.

मित्रांनो, यंत्र आणाल तेव्हा त्याचे पहिले पान वाचा आणि पोट उघडून बघा. वाया गेलेल्या विजेचा मला संताप आहेच. पण तुमच्या एका न वाचलेल्या पानापायी या माणसाने श्वासात काटकसर केली, ते मी विसरणार नाही.