दत्तूच्या मुदतीचा कावळा

चौलच्या दत्तात्रेयाला मुदत घातली होती कोणी? कोणीही नाही. सरकारने नाही, सावकाराने नाही. भर देवळात नारळावर हात ठेवून त्यानेच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. "नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत माझा सिनेमा पुरा. नाही झाला, तर सिनेमाचं हे यंत्र खाडीत सोडीन आणि मामाच्या सुपारीच्या वखारीत जाऊन बसेन." त्याची आई आनंदीबाई मागेच उभी होती. तिने घरी जाऊन वखारीसाठी काळा कोट शिवायला टाकला.

मुंबईत सिनेमे बोलायला लागले होते आणि दत्तूचा अजून मुकाच होता, म्हणून घाई, हे तो सगळ्यांना सांगे. पण खरी गोष्ट वेगळी होती. तीन वर्षं तो "होईल, होईल" म्हणत होता आणि गाव हसत होतं. हा एवढा एक सिनेमाही पुरा झाला नाही, तर आपण नुसतेच रिकामटेकडे ठरणार, या भीतीने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

मुदतीच्या दिवशी एकच देखावा उरला होता. कथेतला सरदार मेलेला, दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो, की संपला सिनेमा. सरदाराचं काम करणारा भिकू कोळी मेल्यामुळे मोकळा होता. तो विडी ओढत खाडीकाठी स्वतःचा दहावा बघत बसला. रडायला अख्खा कोळीवाडा. भटजी मात्र खरे, गावातले हरीभट. "नुसते ओठ हलवा, आवाज कुठे येणार आहे?" असं दत्तू म्हणाला मात्र, हरीभट उसळले. "तुझं यंत्र बहिरं असेल, देव नाही!" मग काय, खरे मंत्र, खरे दर्भ, खऱ्या भाताचा पिंड. दत्तू यंत्राची दांडी धरून, कावळा उतरताच ती फिरवायला सज्ज झाला.

आणि कावळा येईना.

एरवी हातातली भाकरी पळवणारे हे मेले! आज माडावर बसून खाली बघत राहिले. भिकू म्हणाला, "वाईच सुकट टाका की वरती, आत्ता येल." हरीभटांनी कानांवर हात ठेवले.

मेलेल्याची इच्छा अडली की कावळा शिवत नाही, हे चौलात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा मंडळी सरदाराची समजूत काढायला लागली. "सरदार, तुमची गादी पोराला देऊ!" कावळा ढिम्म. "शत्रूचं मुंडकं आणू!" कावळ्याने पंख खाजवला.

"सरदार जन्मालाच आला नव्हता, त्याला कसली इच्छा?" हरीभट वैतागले. "भिकूला विचारा."

भिकू विचारात पडला. "नवीन जालं पायजे मला." सगळ्या कोळीवाड्याने गंभीरपणे जाळ्याचा शब्द दिला. "आनि माजी बायको भांडनार न्हाय, ह्ये पन सांगा त्याला."

"त्ये न्हाय जमायचं!" रडणाऱ्या बायकांतून त्याची ठमी ओरडली. कावळ्याने पाठ फिरवली.

सूर्य पाण्याला टेकायला आला. दत्तू दांडी धरून माडाकडे बघत होता. आनंदीबाई नवा कोट हातावर घेऊन बाजूला उभी होती, पोराला मुदत संपली की घरी न्यायला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हाच तेवढं पोर असं दिसलं होतं. ती तरातरा पुढे आली आणि वर बघून ओरडली, "अरे मुडद्या, जीव ह्याचा अडकलाय, दिसत नाही तुला? चुलीत गेली ती मुदत! चुलीत गेली वखार! लागेल तेवढा वेळ लागो, माझा दत्तू सिनेमा पुरा करील. मी शब्द देते!"

कावळा उतरला. सावकाश चालत आला, पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन गेला.

तो उतरताक्षणीच सगळ्या किनाऱ्याने हात जोडले होते. हरीभटांनी जोडले, ठमीने जोडले, भिकूने विडीसकट जोडले. कावळा शिवताना आपल्याकडे हात जोडतातच. दत्तूचे डोळे भरून आले, त्यानेही जोडले.

जरा वेळाने भिकूने विचारलं, "दत्तूशेट, मग त्या यंत्राची दांडी कोन फिरवत व्हता?"

दत्तूने आपल्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि तो मटकन वाळूत बसला. सूर्य बुडाला. कोळी एकदा यंत्राकडे बघत, एकदा खाडीकडे.

"खबरदार कोणी यंत्राला हात लावाल तर!" हरीभट गरजले. "शब्द दिलाय, कावळा शिवलाय. आता देवालाही मागे घेता येत नाही."

पावसाचे थेंब पडायला लागले. आनंदीबाईने तो नवाकोरा काळा कोट उलगडला आणि यंत्रावर घातला.

"ऊठ. उद्या भात मीच शिजवते."

"उद्या पुनवेचा नारळ दर्यात पडला की सगळे मासेमारीला जातील, आई," दत्तू हुंदके देत म्हणाला. "रडायला कोण मिळणार?"

"मी आहे ना," आनंदीबाई कोटाची बटणं लावत म्हणाली. "तीन वर्षं तुझ्यापायी दुसरं काय करतेय?"