दोराचा एकर

हातभर लांब, हातभर रुंद, वीतभर खोल. एवढ्या खड्ड्यातून निघालेली माती सितारामनं गोणपाटावर पसरली आणि बोटांनी निवडायला घेतली. करंगळीच्या पेरापेक्षा मोठे खडे निघाले त्रेचाळीस. ज्वारीची जुनी धसकटं तीन. हुमणीची अळी एक, जिवंत. गांडूळ एकही नाही.

"माती काय निवडायलास? डाळ हाय का ती?" बांधावरून त्याची आई, सरजाबाई म्हणाली.

"बघायलोय, आत कोण राहतंय ते."

"कोणी न्हाई राहत. म्हणून तर पिकंना."

त्यात खोटं काही नव्हतं. वावर दोन एकरांचं, ओढ्याकडे उतरतं, वरची माती वाहून गेलेलं. बांधाचा एकेक दगड सितारामच्या बापानं याच वावरातून वेचून रचला होता. बाप जाऊन सहा वर्षं झाली तरी दगड निघतच होते. गेल्या रब्बीत दोन्ही एकरांत मिळून अडीच पोती ज्वारी झाली होती. बांधापलीकडच्या माणिकरावांनी तेव्हाच सरजाबाईला सांगून ठेवलं होतं, "मक्त्यानं द्या मला पाच साल. पिको न पिको, दर साली शंभर किलोची तीन पोती तुमच्या दारात आणून टाकीन." सरजाबाईला ते पटलं होतं. तिची पाठ आताशा वाकून काम करू देत नव्हती, आणि पोरगा परभणीहून शेतकीचा पदवीधर होऊन आला असला तरी नोकरी अजून यायची होती.

सितारामनं एक साल मागून घेतलं होतं. तीन पोत्यांच्या वर गेलं तर वावर आपण करायचं, नाही गेलं तर माणिकरावांना द्यायचं, हे मायलेकांत ठरलं होतं.

त्या भागात रब्बीचं रान पावसाळाभर उघडंच ठेवत. वखर फिरवत राहायचं आणि पाऊस सरता सरता ज्वारी पेरायची. सितारामनं मृगाच्या पावसावर दोन्ही एकरांत दाट ताग पेरला. फुलावर आला की नांगरून गाडायचा, कुजू द्यायचा आणि त्यावर ज्वारी.

"पिकवायचं आन् गाडायचं?" माणिकराव बांधावर उभे राहून हसले. "म्हंजी सैपाक करायचा आन् उकिरड्यावर टाकायचा."

"उकिरडाच करायलोय काका, वावरातल्या वावरात."

"कर बापा. नांगर-बैल देतो म्हणलोय, देईन. तू बी मह्या कापसात राबलास."

ताग असा वाढला की महिन्या-दीड महिन्यात सरजाबाई त्यात उभी राहिली तर दिसेनाशी झाली. सितारामनं एक झाड मुळासकट उपटून तिला दाखवलं. मुळ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या.

"रोग लागला का रं?"

त्यानं नखानं एक गाठ फोडली. आत गुलाबी रंग होता. "रोग न्हाई. ह्या गाठी हवेतलं खत धरून ठेवत्यात."

"हवेत खत आसतंय?"

"आसतंय."

"मंग आजवर फुकट गेलं की ते," ती म्हणाली आणि तिनं झाड परत त्याच खळग्यात लावल्यासारखं ठेवून दिलं.

ऑगस्ट अर्धा सरला तसा पहिला पिवळा तुरा दिसला. आता आठ दिवसांत गाडायला हवा होता; पुढे खोड जून होतं आणि पेरणीपर्यंत कुजत नाही. शिवाय पोळा पंधरवड्यावर आला होता. खांदेमळणी झाली की गावातला कोणी बैल जुंपू देणार नव्हता. माणिकरावांनी गुरुवार दिला. सोमवारी सिताराम मुलाखतीसाठी पालमहून एसटीनं परभणीला गेला. मुलाखत लांबली, तो बुधवारी संध्याकाळी परतला.

ओढ्याकडचा एकर रिकामा होता. तागाची नुसती खुंटं उभी होती, जमिनीपासून चार बोटं. खाली ओढ्याच्या डोहात पेंढ्यांवर दगड ठेवून ताग भिजत घातला होता.

तो तसाच घरी आला. सरजाबाई भाकरी थापत होती.

"ताग कुणी कापला?"

"गावानं."

"आन् तू?"

"म्या कापू दिला." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "गेल्या साली दोराची अंबाडी साधली न्हाई कोणाची. पोळा आलाय आन् गावात बैलाला नवा कासरा न्हाई. माणिकराव आले. म्हणले, सरजाबाई, दोरापुरता ताग द्या. मंग त्यांच्या मागं दुसरे आले."

"आये, सगळा गाडायचा होता! अर्ध्या वावरात तीन पोत्याच्या वर कसं जाईल? सालभर तेच तर सांगायलोय तुला."

"अर्ध्याच्या पुढं कोणाला इळा लावू दिला न्हाई म्या. मधी दगडं मांडून बसले होते."

"न्हाई म्हणता येत नव्हतं का?"

सरजाबाईनं हात थांबवला. "नवी नवरी होते तवा टोपली घेऊन ह्याच गावात दारोदार भाकर मागत होते. छप्पन साली दीक्षा घेतली तवा ते सुटलं. मागणं सुटलं, पर कोणी आपल्या बांधावर येऊन काई मागितलं, असं कवा झालं न्हवतं. परवा झालं. माणिकराव चपला बांधाखाली काढून वर आले. म्या दिलं. आता बोल तुला काय बोलायचं ते."

सितारामला बोलायचं पुष्कळ होतं. त्यानं ताटली पुढे ओढली.

गुरुवारी बैल आले. उभा ताग आधी फळीनं आडवा केला आणि मग लोखंडी नांगराखाली गेला. हिरवा चिरडलेला वास ओढ्यापर्यंत पोचला. संध्याकाळी माणिकराव नांगर उचलायला लागले.

"हा एकर बी नांगरायचा, काका."

"त्यात काय हाय गाडायला? धसकटं?"

"मुळ्या हायत. आन् त्यावरच्या गाठी."

माणिकरावांनी सरजाबाईकडे पाहिलं. ती मधल्या दगडांच्या ओळीवर बसली होती. "नांगरा की," ती म्हणाली, "दोर फुकट न्हेला का तुमी?" माणिकराव हसले आणि शुक्रवारी त्यांनी तोही एकर नांगरून दिला.

पोळ्याच्या दिवशी गावचे बैल वेशीतून निघाले. शिंगं रंगलेली, अंगावर झुली, आणि नाकापासून मालकाच्या मुठीपर्यंत नवे पांढुरके कासरे. सरजाबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. "त्यो आपला," ती सितारामला म्हणायची. "त्यो बी आपला. त्यो अंबाडीचा, जुना हाय." तो मनातल्या मनात मोजत होता. साठांपैकी एकेचाळीस आपले होते. त्यानं तो आकडा तिला सांगितला नाही. ती स्वतः मोजत होती.

सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही एकरांत एकाच दिवशी, एकाच पोत्यातलं बी पेरलं. दगडांची ओळ सितारामनं हलवली नाही. आता तिचाच उपयोग होता. फक्त आपलंच वावर मोजून भागणार नव्हतं, पाऊसही यंदा बरा होता आणि वाढ त्याचीही निघाली असती, म्हणून त्यानं माणिकरावांकडे त्यांच्या बांधालगतच्या एकराची मळणी वेगळी मागितली. तिथं ताग कधीच नव्हता, माती तीच.

"मह्या ज्वारीचं तुला काय करायचंय?"

"तुमचं मोजलं न्हाई तर आमचं कळणार न्हाई."

"लेका, मह्याच बैलानं नांगरून मलाच हरवायलास की," माणिकराव म्हणाले. पण मळणी वेगळी केली.

फाल्गुनात तीन खळी शेजारी शेजारी लागली. ज्वारी उफणून झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पालमच्या दुकानातून आणलेला काटा बाभळीला टांगला. माणिकराव पोती उचलायला आपण होऊन पुढे आले. त्यांच्या कासऱ्याचा तागाचा दोर एव्हाना मातीच्या रंगाचा झाला होता. सरजाबाई काट्यासमोर उकिडवी बसली. तिला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक वजन सितारामनं मोठ्यानं सांगायचं, असं तिनं ठरवून दिलं होतं.

बांधापलीकडचा माणिकरावांचा एकर, ताग नसलेला: एक पोतं, पन्नास किलो.

दोराचा एकर: एक पोतं, साठ किलो.

गाडलेला एकर: दोन पोती, पस्तीस किलो.

"आपले दोन्ही मिळून सांग," सरजाबाई म्हणाली.

तीन पोती, पंचाण्णव किलो.