नितेशच्या खोलीतला डबा

एस.टी.त तिकीट तपासण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय तपासावं असा मोठा प्रश्न पडतो. जानरावांनी तो चटकन सोडवला होता. ते घर तपासायचे. दूधवाल्याचं माप, गॅसचं सिलिंडर, रुख्मिणीबाई फोनवर कोणाशी इतकं हसून बोलतात ते, सगळं! माणूस वाईट नव्हता हो. पण समोरच्याच्या खिशात तिकीट नसणारच, असं धरून चालायची सवय एकदा लागली की ती पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही. अकोला-तेल्हारा गाडीत एकदा त्यांनी सख्ख्या साल्याला विनातिकीट धरून, साऱ्या गाडीदेखत दंड केला होता. ही गोष्ट ते अजूनही मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आणि ती सुरू झाली की रुख्मिणीबाई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

तर या जानरावांच्या डोक्यात सध्या एक डबा बसला होता.

डबा कसला, पंज्याएवढं काळं यंत्र. वर एक हिरवा दिवा, सारखा लुकलुकणारा. मुलाच्या, म्हणजे नितेशच्या खोलीत, कुलरशेजारच्या बोर्डाला लावलेलं. नितेश पुण्याच्या एका कंपनीचं काम अकोल्यात घरी बसून करायचा. त्याची बायको आचल जर्मनीत एका दवाखान्यात नर्स होती. ती तिकडे जिन्यावरून पडली, पायाचं ऑपरेशन झालं, आणि परक्या गावात तिला पेलाभर पाणी द्यायला माणूस नाही. अमरावतीहून तिच्या आईचा, आशाबाईंचा, रडत फोन आला. व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता म्हणून बरं. नितेश रजा टाकून निघाला.

जाताना बॅगेत लॅपटॉप घातला, एक नवा कोरा छोटा मोडेम घातला आणि म्हणाला, "बाबा, घरच्या या डब्याले हात नोका लावू. लाईन गेली तं गेली, तेवढं चालते. पन हातानं कोनी बंद करू नोका."

"तू तं मोडेम संग नेऊन राहिला ना? मंग हा इथं कोनासाठी?"

"राहू द्या ना, बाबा."

आता हे काय उत्तर झालं? जानरावांच्या अनुभवात ज्याच्याकडे तिकीट असतं तो तिकीट दाखवतो. ज्याच्याकडे नसतं तो म्हणतो, राहू द्या ना साहेब. त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. रजेवर गेलेला माणूस, पण दिवसा फोन करावा तर उचलायचा नाही. एकदा व्हिडिओ कॉल लागला तर अंगात इस्त्रीचा शर्ट. प्लास्टरमधल्या बायकोला वरणभात भरवायला इस्त्रीचा शर्ट कोण घालतं? आणि मागे भिंतीवर काय लटकत होतं? मोरांचा पडदा! जानराव तसेच उठून नितेशच्या खोलीत गेले. खिडकीला पडदा नव्हता. अकोल्याच्या खिडकीचा पडदा काढून माणूस जर्मनीत नेतो, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"पडदा कुठं गेला वो?" त्यांनी रुख्मिणीबाईंना विचारलं.

"धुवायले टाकला," त्या म्हणाल्या. मान वर न करता.

जानरावांनी पुढे काही विचारलं नाही. तपासणीची रीतच तशी आहे. संशय आला की लगेच झडप घालायची नाही, एक थांबा जाऊ द्यायचा. पण त्या दिवसापासून ते बायकोकडेसुद्धा सीटवर अवघडून बसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं बघायला लागले.

थांबा लवकरच आला. एका दुपारी दारात पार्सलवाला उभा. नितेशच्या कंपनीने काहीतरी भेट पाठवली होती. "नितेश सर आहेत का? सही पाहिजे." जानराव मागच्या अंगणात टाकीची तोटी घट्ट करत होते. त्यांना बायकोचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"हाय ना घरी. झोपला हाय. आना इकडं, मीच करतो सही."

जानरावांच्या हातातला पाना खाली पडला. रुख्मिणी, जी देवापुढे उदबत्ती लावायला विसरली तर दिवसभर रुखरुखते, ती इतकं खणखणीत खोटं बोलते? आणि एका पार्सलवाल्याशी? म्हणजे प्रकरण मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर देवराव भेटले. देवराव म्हणजे त्यांच्याच डेपोतले जुने ड्रायव्हर. निवृत्तीनंतर जगातल्या सगळ्या लफड्यांची बातमी त्यांच्याकडे. जानरावांनी आपलं असंच, दुसऱ्या कोणाचं म्हणून विचारलं, की घरात सारखा चालू ठेवायचा डबा म्हणजे काय असतं.

"अरे बापा!" देवरावांनी कप खाली ठेवला. "ते लयच खराब काम अस्ते. डबा लागलेला राह्यते इथं घरात, अन् फोन करनारा बसते तिकडं परदेशात. लोकायले गंडवते. पोलीस धरते कोनाले? घरवाल्याले. कोनाच्या घरी हाय?"

"हाय एकाच्या," जानराव म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून घरी आले.

आता काय ते सगळं जुळलं होतं. परदेशात पोरगा, घरात डबा, बायको सामील. ज्या माणसाने कोणाचा फुकटचा विडा खाल्ला नाही, त्याच्या घरात लोकांना गंडवायचा धंदा! ऊन असं तापलेलं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. रुख्मिणीबाईंचा डोळा लागला होता. जानराव नितेशच्या खोलीत गेले. कुलर घरघरत होता आणि डबा नुसता लुकलुक, लुकलुक. दिव्याला ज्याअर्थी इतकी घाई, त्याअर्थी या क्षणाला कोणाचा तरी गळा कापला जात होता. त्यांनी खाली वाकून पिन उपसली.

हिरवा दिवा विझला. जिवाला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. आत रुख्मिणीबाईंचा फोन वाजला, आणि त्या पदर सावरत धावतच खोलीत आल्या.

"डबा बंद केला का तुमी? पोरगा मीटिंगमंदून फेकल्या गेला तिकडं!"

"पयले तू सांग या घरात काय चालू हाय ते. कोनाले फसवून राहिला तो?"

रुख्मिणीबाई पलंगावर मटकन बसल्या. "कंपनीले," त्या म्हणाल्या.

आणि मग सांगितलं. कंपनीने रजा दिली होती फक्त आठवडाभर. वर नियम असा की काम करायचं तर देशातच बसून, बाहेरून केलं की नोकरी गेली. आणि आचल तर भिंत धरूनसुद्धा उभी राहत नव्हती. म्हणून नितेशने हा डबा लावून ठेवला. तो तिकडे लॅपटॉप उघडायचा, पण त्याचं सगळं इंटरनेट इथून, या डब्यातून जायचं, आणि कंपनीला वाटायचं गडी अकोल्यात बसून काम करून राहिला. पडदाही त्यासाठीच. डबा बंद झाला की लॅपटॉप मुका.

"काम तं सारं करते तो," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "रात्री तिचं करते, दिवसा त्याईचं करते. कोनाचं काय लुटलं त्यानं?"

जानरावांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. धंदा नव्हता, पोलीस नव्हते. पण भलतंच काहीतरी टोचलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले?" रुख्मिणीबाई हसल्या, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "ज्यायनं माह्या भावाले नाही सोडलं, ते पोराले सोडतीन का? तुमी पयले कंपनीलेच फोन लावला असता."

जानरावांना हे फार लागलं. लागलं अशासाठी की ते खरं होतं. महिनाभरापूर्वी पोराने सांगितलं असतं तर त्यांनी नियम म्हणजे नियम असंच म्हटलं असतं. घरात दोन माणसं एवढं मोठं ओझं घेऊन फिरत होती आणि आपल्या वाऱ्यालासुद्धा उभी राहत नव्हती.

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. पुण्याचा नंबर.

"नमस्कार काका, मी आकांक्षा, नितेशच्या ऑफिसमधून. तो मीटिंगमधून अचानक गायब झालाय आणि फोनही लागत नाहीये त्याचा. घरी आहे ना तो?" आवाज गोड होता. पुढे जरा थांबून ती म्हणाली, "स्पष्टच सांगते काका. मागच्याच महिन्यात आमच्याकडे दोघेजण परदेशात बसून काम करताना सापडले. त्यामुळे विचारावं लागतं."

जानरावांनी तो आवाज ओळखला. तो त्यांचाच होता. जरा तिकीट दाखवता का? असंच मऊ बोलून त्यांनी शेकडो माणसं खाली उतरवली होती. समोर रुख्मिणीबाई दोन्ही हात जोडून उभ्या होत्या, देवापुढे राहावं तशा. फोनवरची ती आणि समोरची ही, या दोघींच्या मधे नितेशची नोकरी आता जानरावांच्या जिभेवर होती.

"काका?"

"घरीच हाय," जानराव म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "घरीच हाय तो, म्याडम. लाईन गेली आमची. डीपी उडाली वाट्टे. तिकडंच गेला पाहाले, फोन इथंच राह्यला त्याचा. चार्जिंग बी नाही त्याच्यात. अर्ध्या तासात येईन लाईन."

"अच्छा, लाईट गेलीय होय!" ती मोकळेपणाने हसली. "बरं झालं काका, फोन तुम्हीच उचललात. दुसरं कोणी असतं तर मी विश्वास ठेवला नसता. नितेश नेहमी सांगतो, माझ्या बाबांनी सख्ख्या मामाला दंड केला होता. आख्ख्या ऑफिसला माहितीये. तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला."

फोन बंद झाला. जानरावांचा चेहरा कोणी थोबाडीत दिल्यासारखा झाला होता.

रुख्मिणीबाई डबा लावायला वाकल्या. "थांब," ते म्हणाले. बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. कुलर घरघर करत थांबला, पंखे थांबले, फ्रिज एक आचका देऊन गप्प झाला.

"अवो, हे काय करून राहिले?"

"लाईन गेली म्हनलं ना म्या तिले? मंग गेली पाहिजे."

दोघं जमिनीवर भिंतीला टेकून बसली. वऱ्हाडातल्या मे महिन्यातली दुपार ती, कुलरशिवाय घराचा तवा व्हायला वेळ लागत नाही. जानरावांच्या टकलावरून घाम ओघळून सदऱ्यात जिरत होता. रुख्मिणीबाई पदराने वारा घेत होत्या, आणि मधूनच एखादा झोत त्यांच्याकडेही फिरवत होत्या.

"एक सांग," जानराव म्हणाले. "त्या दिवशी तुह्या भावानं तिकीट काहून नव्हतं काढलं?"

पदर थांबला. रुख्मिणीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आमच्या मायले दम लागला होता," त्या म्हणाल्या. "औषध आनाले निघाला होता. खिशात औषधापुरतेच पैसे होते. ते तुमी दंडात घेतले."

"मंग त्यानं सांगतलं काहून नाही?"

"तुमी विचारलं होतं का?"

इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना ही बाई स्वयंपाकघरात कशाला उठून जाते, हेही जानरावांनी कधी विचारलं नव्हतं. जगाचे खिसे तपासले आणि घरातलं एक माणूस तेवढं कधी वाचलं नाही. डोळ्यात घाम गेला असं दाखवत त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

कुंपणापलीकडून शेजारच्या दुर्गाबाई डोकावल्या. त्यांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज इकडे ऐकू येत होता.

"कावं रुख्मिणीबाई, कुलर काहून बंद हाय तुमचा? आमच्याकडं तं लाईन हाय!"

रुख्मिणीबाई उठायला लागल्या, तर जानरावांनी त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं.

"आमच्याकडचीच गेली, दुर्गाबाई," ते म्हणाले. "येते आता."