मागं जाणारा गारवा

कृष्णराव लेकासाठी मुलगी पाहायला निघाले, पण एकोडी सोडल्यापासूनच गाडीचा एसी गरम वारा ओकत होता. मे महिन्याचं ऊन. रुखमिणीबाईंची कडक इस्त्रीची साडी अंगाला चिकटली. मागं बसलेल्या मनिषच्या, म्हणजे नवरदेवाच्या, पावडरीचा चिखल झाला.

कोंढ्याचा फाटा चुकला म्हणून कृष्णरावांनी गाडी मागं घेतली आणि एकदम गार झुळूक आली. पुढं घेतली की बंद. मागं घेतली की पुन्हा गार.

"मंग मागंच चला ना जी," रुखमिणीबाई म्हणाल्या. "पाव्हण्याच्या दारात असं ओलंचिंब जायचं काय?"

बायकोशी वाद घालून कृष्णराव जन्मात जिंकले नव्हते. मान मागं वळवून त्यांनी फाट्यापासून गावापर्यंत गाडी उलटीच नेली.

मुलीचे वडील यादोराव दारात उभे होते. त्यांना गाडीचं तोंड गावाबाहेरच्या दिशेला दिसलं. पाहुणे रुसून परत निघाले असं वाटून ते अनवाणी धावले आणि गाडीपुढं आडवे झाले.

"काय चुकलं आमचं? न जेवता काहून चालले?"

"चाललो नाही जी, येऊन राहिलो!"

"येऊन राहिले त तोंड तिकडं काहून?"

कृष्णरावांना एसीची सगळी कथा सांगावी लागली. पाण्याचा ट्रे घेऊन आलेल्या गुंजननं ती ऐकली. भंडाऱ्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या त्या मुलीनं ट्रे बापाच्या हाती दिला.

"बोनेट उघडा जी. आता रिवर्स टाका."

आत 'टक' झालं. कॉम्प्रेसर फिरू लागला. गिअर काढताच थांबला.

"गॅस भरपूर आहे. कॉम्प्रेसरले करंटच रिवर्सच्या लाइटाच्या वायरीतून भेटून राहिला. इथं कोणं हात लावला?"

मनिष पुटपुटला, "मीच. मागचा कॅमेरा बसवला होता."

"कॅमेरा चालते?"

"नाही."

रुखमिणीबाईंनी डोळे मिटले. आता कसलं लग्न! गुंजननं पदर खोचला, मनिषच्या हाती टॉर्च दिला आणि वायरी सोडवायला वाकली. मनिष इतका तन्मयतेनं टॉर्च धरून उभा राहिला, की पोहे थंड झाले तरी हलला नाही.

गाडी उभ्याउभ्या गार झाली. यादोरावांनी भीतभीत लेकीला विचारलं, "काय म्हणते मंग?"

"पोरगा बरा आहे," गुंजन हात पुसत म्हणाली. "सांगितलं तिथंच उजेड धरते."

परतताना गाडी सरळ धावली. साकोलीच्या अलीकडंच रुखमिणीबाईंना हुडहुडी भरली आणि त्यांनी काच खाली केली.