दसऱ्याची साडेतीन भोकं

मित्रांनो, मी एक जुनी, बिनवायरीची हॅमर ड्रिल मशीन आहे. स्वस्तातली आहे, हे माझा आवाज ऐकल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. माझा जन्म कुठे झाला ठाऊक नाही. माझ्या खोक्यावरची लिपी मलाही वाचता येत नाही. सातिवलीच्या एका गोदामात मी पाण्याच्या पंपांशेजारी पडून होते. पंप शांत स्वभावाचे. मला मात्र भिंत दिसली की टोक शिवशिवायचं.

दोन हजार पाच सालच्या नवरात्रात आचोळ्याच्या प्रितेशने मला घरी आणलं. त्याचे वडील काळूराम खाडीकाठचे शेतकरी. घसरून मांडीचं हाड मोडलेलं, दसऱ्याला इस्पितळातून घरी येणार होते. त्यांना धरायला बाथरूमच्या भिंतीत दांडा बसवायचा होता.

"लाईट नसली तरी चालते ही," प्रितेश म्हणाला.

"आणि चार्ज कशावर होते?" त्याच्या बायकोने, मीराने विचारलं.

प्रितेशने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कोयता, विळा, पकड यांच्या ओळीत मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. एकही भोक न पाडता माझी पूजा झाली. एरवी असा मान माणसांतच मिळतो. तेवढ्यात लाईट आली आणि मीरा चार्जर घेऊन धावली.

"थांब! आज हत्याराने काम करायचं नसतं," प्रितेश म्हणाला.

"काम कुठे करतेय? जेवतेय ती."

"पाटावर बसलेल्याला कुणी हलवतं का?"

"पाटावर बसलेल्यालाच वाढतात, अहो!"

मी उपाशीच राहिले. कुंकू मात्र पोटातल्या पंख्यापर्यंत पोचलं.

दसऱ्याला वॉकर आपटत काळूराम आले. "आधी आंघोळ. आनि आत कोनी यायचं नाय. मी या प्रित्याला न्हाऊ घातला, आता हा मला घालनार? दांडा नसंल तर मी गावाला चाललो. तिथं विहीर हाय."

"विहिरीवर तुम्हाला कोण धरणार, बाबा?" मीरा म्हणाली.

"कठडा."

ते खरंच पिशवी शोधू लागले. तो कठडा कधीच ढासळला होता, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

सकाळी लाईट जाण्याआधी माझ्या पोटात जेमतेम दोन घास पडले होते. शेजारचा बॅप्टिस्ट, कारखान्यातला फिटर, माझी परीक्षा बघायला खुर्ची घेऊनच आला. प्रितेशने कळ दाबली आणि माझ्यातून कुंकू उडालं. तो सवाष्णीसारखा दिसू लागला.

"टाइलवर हॅमर बंद ठेव रे, तडकेल!" बॅप्टिस्ट ओरडला. "हां, आता विटेत घाल. विटेत बरी जाते. काँक्रीटला मात्र नेऊ नको, रडेल बिचारी."

एक भोक, दुसरं, तिसरं. चौथ्याच्या मध्यावर माझा जीव संपला. आतून मी नुसती तडफडत होते, टोक हलेना.

"साडेतीन," बॅप्टिस्ट म्हणाला. "काठावर पास." उरलेलं भोक त्याने छन्नी-हातोडीने पाडलं आणि दांडा स्क्रूने आवळला.

काळूरामांनी दांडा न्याहाळला. "प्रित्या, आधी तू लटक."

भाताच्या पोत्याएवढा प्रितेश लटकला. दांडा हलला नाही. मग काळूराम आत गेले आणि त्यांनी कडी लावली.

बाहेर आम्ही सगळे दारापाशी. पाण्याचा आवाज आला, थांबला. आणि धाडकन काहीतरी पडलं.

मीराचा हात दारावर आपटणार, तोच आतून ओरडा आला, "तांब्या पडला! मी नाय!"

मीराने हात मागे घेतला. प्रितेश तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. आत पुन्हा पाणी पडू लागलं.

मित्रांनो, हत्यारं जपा, वापरून झाली की पुसून ठेवा. माणसंही जपा, पण कधीकधी जरा दाराबाहेरून.