मानाजीरावांनी निवडलेलं झाड

मी बोलतोय ते पंपाच्या खोलीमागून. मी कुंडीतलं अडेनियमचं झाड. बुंधा जाड, पानं थोडी, फुलं गुलाबी. काहीजण मला वाळवंटी गुलाब म्हणतात.

हिनकलच्या नर्सरीत मी रुजलो. चौथ्या वर्षी मानाजीराव आले. बेळगोळच्या रस्त्यावर जगन्नाथरावांचं छोटं रिसॉर्ट आहे, तिथले ते माळी. पोहण्याच्या तलावाकाठी ठेवलेली नेच्याची झाडं दोन उन्हाळ्यांत करपून गेली होती. फरशी तापते, पाण्यावरून ऊन उलटून अंगावर येतं, वर औषध घातलेल्या पाण्याचे शिंतोडे. तिथे तग धरेल असं झाड त्यांना हवं होतं.

अख्खी सकाळ ते हिंडले. बोगनवेल पाहिली आणि सोडून दिली. "काटे आहेत. पोरं अनवाणी पळतात." मग माझं एक पान खुडलं, पांढरा चीक निरखला. "हा पोटात गेला तर वाईट. पण उंचावर ठेवलं तर धास्ती नाही." माझ्यासारखी सहा झाडं त्यांनी घेतली.

तलावाजवळच्या उंच कट्ट्यावर आम्हाला मांडून त्यांनी मॅनेजरला बोलावलं. बिंदुमाधव त्यांच्याच गल्लीतला, लहानपणापासून त्यांना मामा म्हणणारा. त्याच्या नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला होता.

"बिंदू, या कुंड्या खाली घ्यायच्या नाहीत. कोणी काही म्हणो, बेडा म्हणजे बेडा, अजिबात नको."

"सरी मामा, बरं," तो म्हणाला.

दोन उन्हाळे आम्ही बहरलो. लोक आमच्याजवळ उभे राहून फोटो काढत. मानाजीराव आठवड्यातून दोनदाच पाणी घालत आणि प्रत्येक कुंडीत बोट खुपसून ओल बघत. मला ते बोट ओळखीचं झालं होतं.

मग एका लग्नाची मंडळी उतरली. मानाजीराव त्या दिवशी सुट्टीवर होते. नवरीला तलावाच्या काठावर फुलं हवी होती. बिंदुमाधवनं माणसं लावून आम्हाला खाली आणलं. फोटो झाले. परत वर ठेवायचं तो विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका पाहुण्यांची तीन वर्षांची मुलगी माझ्याजवळ बसली. तिनं माझी फांदी मोडली आणि चघळली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. तिला उलट्या सुरू झाल्या, ती गळून गेली. तीन दिवस ती दवाखान्यात होती. वाचली.

जगन्नाथरावांनी दोघांना तलावाकाठी उभं केलं.

"मी वर ठेवल्या होत्या, राव," मानाजीराव म्हणाले.

"मग खाली कशा आल्या? चालत आल्या?"

मानाजीरावांनी बिंदुमाधवकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत राहिला. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.  मानाजीराव हळू आवाजात म्हणाले, "विषारी झाड निवडलं ते मीच, राव. आता काय बोलू?"

त्याच दुपारी त्यांचं काम गेलं. जाण्याआधी त्यांनी स्वतः आम्हाला उचलून इथे मागे आणून ठेवलं, कोणाचा हात लागणार नाही अशा जागी. पाठ धरून ते उठले. माझ्या मोडक्या फांदीला त्यांनी हळद लावली आणि निघून गेले.

पाच झाडं पावसात कुजली. मी एकटा उरलोय. छपराखाली आहे म्हणून.

परवा बिंदुमाधव आला. माझ्यासमोर उकिडवा बसला, कपाळाला हात लावला. "मामा, मीच आणल्या होत्या खाली. मला तोंड उघडता आलं नाही." मग गल्लीत लोक काय बोलतात तेही सांगितलं.

बाबा रे, मी ऐकलं. पण मी झाड आहे, मला सांगून काय उपयोग? मानाजीराव आता दाराबाहेर फारसे पडत नाहीत, माळ्याच्या हातून मूल मरता मरता वाचलं असं गल्लीत बोलतात, हे तूच परवा म्हणालास. त्यांचं घर तुझ्याच गल्लीत आहे. जा. ते आहेत तोवर जा.