मगरीला न कळणारं वेळापत्रक

एकोणीस वर्षं मी या धक्क्यावर बोटीची वेळ सांभाळली आणि एकोणीस वर्षांत बोट माझ्यामुळे एकदाही उशिरा सुटली नाही. लोक मला घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान तिखट आहेत. बोट सकाळी सातला पलीकडे जायची आणि संध्याकाळी सहाला परत यायची. सात वाजून एक मिनिटाने कोणी धापा टाकत आला, की "पुढची उद्या सातला," एवढंच मी खिडकीतून सांगायची. बाकीचं रडगाणं ऐकत बसायला मला वेळ नसायचा.

अशा बाईला एके दिवशी सांगण्यात आलं, की उद्यापासून कुठलीच वेळ पाळायची नाही.

सांगणारी होती मगरवाली मॅडम. ती वनखात्याची माणूस, तिचं शिक्षणच मगरींवर झालेलं. माझ्या लहानपणी आमच्या नदीत मगर औषधालाही उरली नव्हती. चामड्यापायी मारून मारून संपवल्या होत्या. मग खात्याने वरच्या अंगाला अंडी उबवायचं केंद्र काढलं. वीतभर पिल्लं वाढवायची, हातभर झाली की नदीत सोडायची, असं वीस वर्षं चाललं. पिल्लं सोडायच्या दिवशी सगळं गाव टाळ्या वाजवायला जायचं. मीही वाजवल्या. पिल्लं कधीतरी मोठी होतात, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता त्या मोठ्या झाल्यात. चांगली गोष्ट आहे, असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण गेल्या वर्षी एकीने जाळेवाल्याची पोटरी धरली. तो वाचला, पण अजून लंगडतो. आणि आमचे हे ती बोट चालवतात.

इथे जरा नीट सांगायला हवं. धक्का म्हणजे काही मोठं बांधकाम नाही. वरचा, मधला आणि खालचा अशा तीन जागा आहेत, प्रत्येक ठिकाणी एक दगडी उतार आणि एक लोखंडी खुंटा. माणसं घ्यायला बोट टेकायला आली की हे इंजिन बंद करतात, गुडघाभर पाण्यात उडी मारतात आणि दोर ओढत नेऊन खुंट्याला अडकवतात. पाण्यात न उतरता बोट लागावी म्हणून तरंगता धक्का मंजूर झालाय. तो चार वर्षं कागदावरच तरंगतोय. तोवर या नदीच्या पाण्यात रोज उतरणारे पाय दोनच, आणि ते माझ्या घरचे.

मॅडम म्हणाली, "मगर बघत असते, बाई. तोच माणूस, तीच जागा, तीच वेळ असं काही दिवस दिसलं, की तिला कळतं. मग ती आधी येऊन थांबते. पाण्याखाली. तुम्हाला दिसतही नाही. म्हणून जागा बदला आणि वेळही बदला."

"मग रोज काय वेळ ठेवू?"

"कुठलीही. फक्त ठरलेली नको."

"आणि लोकांना कसं कळायचं?"

"आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहा. मगरीला वाचता येत नाही."

मी म्हटलं, "त्यापेक्षा ती मोठी मगर धरून दुसरीकडे का नेत नाही?"

"नेली तर परत येईल. नाही आली तर दुसरी येऊन बसेल. जागा चांगली आहे ना." भाड्याच्या खोलीबद्दल बोलावं तशी ती बोलली. मग तिने प्रत्येक धक्क्यावर पाण्यापासून पाच पावलांवर पांढरी रेघ मारून घेतली. दोर बांधला जाईपर्यंत रेघेच्या पलीकडे कोणी जायचं नाही, मगर दिसली तर लाल फडकं हलवायचं, असं सगळ्यांना बजावलं आणि गेली.

त्या संध्याकाळी मी खडू घेऊन फळ्यासमोर अर्धा तास उभी होते. सात सोडून दुसरा आकडाच सुचेना. ठरलेलं नको, हे ठरवायचं कसं? शेवटी मी 'वरचा धक्का, साडेसात' असं लिहिलं आणि चोरी केल्यासारखी घरी गेले.

पुढचे दिवस काय सांगावे! लोक एका धक्क्यावर आणि बोट दुसऱ्यावर. पलीकडची शाळा बोटीच्या तालावर भरू लागली. टपालवाला तर रोज माझ्या खिडकीशी येऊन भांडायचा. "बाई, तुमच्या या बेशिस्तीला जरा शिस्त लावा," म्हणायचा. मी त्याला म्हटलं, शिस्त लावली की मगर खाते, तुला चालेल का? तर म्हणाला, मला नाही, तुमच्या नवऱ्याला खाते, मी रेघेच्या अलीकडे असतो. जिभेला हाड नाही मेल्याच्या. पण खोटं काय बोलला तो?

त्याच्या त्या बोलण्याने मी फार काळजीने वागू लागले. वही घातली. रोज संध्याकाळी वही उघडायची आणि कालची जागा आज नको, परवाचीही नको, असं बघूनच फळ्यावर लिहायचं. वेळाही तशाच. पाच-दहा मिनिटं पुढे-मागे करायची, म्हणजे आकडा तोच यायला नको. बेशिस्तीतही माझ्यासारखी काटेकोर बाई शोधून सापडणार नाही, असं वाटून मला जरा बरंही वाटायचं.

पाचव्या आठवड्यात मगर लोकांच्या आधी धक्क्यावर आली.

खालच्या धक्क्याचा दिवस होता. टपालवाल्याला उताराजवळच्या पाण्यात दोन डोळे आणि नाकपुड्या दिसल्या. त्याने लाल फडकं हलवलं, ह्यांनी बोट वळवून मधल्या धक्क्याला लावली. सगळं नियमाप्रमाणे झालं. तीन दिवसांनी खालच्या धक्क्यावर पुन्हा तीच, त्याच जागी. "तुमचा फळा आपल्याआधी तीच वाचून जाते," टपालवाला म्हणाला. लोक हसले. मला हसू आलं नाही. तिला कळतं कसं? आदल्या संध्याकाळपर्यंत माझं मलाच माहीत नसतं, मग तिला कोण सांगतं? कोणी म्हणे माणसांचा वास येतो, कोणी म्हणे इंजिनाचा आवाज. पण ती तर इंजिनाच्याही आधी हजर! मी वैतागून फळ्याचं तोंड नदीकडून फिरवलं आणि तो भिंतीकडे वळवून टांगला. हसा खुशाल. त्या आठवड्यात मला कोणी वेडी म्हटलं नाही. उलट दवाखान्याचे डॉक्टर मान वाकडी करून फळा वाचून गेले आणि "हे बरं केलंत" म्हणाले.

ह्यांना मी घरी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"दिसते तोवर काय भीती?" असं म्हणून हे जेवत राहिले. दिसली नाही तर काय, हे मी विचारलं नाही.

मी खात्याला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आली आणि आल्या आल्या म्हणाली, "वही दाखवा."

मी अभिमानाने वही पुढे केली. माझी कचेरी उंचावर, खिडकीखालीच खालचा धक्का होता, आज बोट तिथेच लागायची होती. लोक रेघेच्या अलीकडे उभे होते. पाणी स्वच्छ रिकामं होतं. आज नाही आली बया, असं मनात म्हणत मी चहा गाळायला घेतला.

मॅडमने पान उलटलं, पुन्हा मागे आली, ओळींवरून बोट फिरवत गेली. "बाई, हे काय आहे?"

"काय म्हणजे? बदलत ठेवलंय. कालचं आज नाही, परवाचंही आज नाही. एकदाही चुकले नाही."

"धक्के किती?"

"तीन."

"कालचा नको, परवाचा नको. मग उरले किती?"

मी बोटांवर मोजलं. खरंच मोजलं, लहान मुलासारखं. एक उरत होता. रोज एकच उरत होता. वरचा, मधला, खालचा, वरचा, मधला, खालचा, बेचाळीस दिवस. मी जे काही बदलत होते ते सातच्या बोटीपेक्षाही ठरलेलं होतं.

"आणि खालच्याला कायम दहाच का?" मॅडमने विचारलं. "दहा, दहा-पाच, दहा-दहा, पुन्हा दहा. वरच्याला साडेसात, मधल्याला पावणेनऊ."

"तसंच सुचलं," मी म्हटलं. दहाला माझा चहा होतो. खालच्या धक्क्याचा दिवस असला की मी ह्यांच्यासाठीही एक पेला घेऊन खाली उतरते, पाच मिनिटं उभी राहते, एवढंच. यात सांगण्यासारखं काय आहे?

"पण तिला तिसरा दिवस मोजता येतो?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. पण मोजायची तिला गरज काय? ती रोज दहाला इथे येऊन पडत असेल. तिसऱ्या दिवशी तुम्ही येता. तिला दुसरं काम काय आहे?"

तेवढ्यात इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती. पाणी रिकामं होतं. ती दिसते तोवर काय भीती, हे ह्यांचंच वाक्य माझ्या डोक्यात आपटलं आणि मी पळाले. एकतीस पायऱ्या आहेत. मी शेवटची कधी पळाले होते मला आठवत नाही. "उडी मारू नका! अहो, थांबा!" मी ओरडत होते. पण ज्या माणसाने बावीस वर्षं माझं ओरडणं ऐकलंय त्याला त्यात काय नवीन वाटणार? हे दोर खांद्यावर घेऊन बोटीच्या टोकाला उभे होते, आणि मला पाहून चक्क हसले. हात वर केला. एक पाय बाहेर काढला.

मी लोकांमधून घुसले आणि रेघ ओलांडली. ठरवून नाही. पुढे जायचं एवढंच कळत होतं. चप्पल निसटली, उतारावर घसरले आणि पाण्यापासून हातभरावर येऊन बसले.

ह्यांचं हसू गेलं. "अगं मागे हो! मागे हो!" असा आवाज मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पाय आत घेऊन, दोर टाकून ह्यांनी इंजिन चालू केलं आणि बोट सरळ माझ्या अंगावर आणून दगडाला धडकवली, माझ्या आणि नदीच्या मध्ये. त्या धडकेने बाजूचं पाणी फुगलं आणि उघडलं. जिथे ह्यांचा पाय पडणार होता, बरोबर तिथे ती होती. जबडा एकदा मिटल्याचा आवाज झाला, फळी आपटावी तसा. मग पाठ दिसली, शेपूट दिसलं, आणि पाणी पुन्हा रिकामं झालं.

मला कोणी मागे ओढलं ते आठवत नाही. लोक मधल्या धक्क्याकडे गेले. मॅडम वरून बघत होती, पण उतरली नाही. हे बोटीतून उतारावर कोरड्यात उतरले आणि रेघेच्या अलीकडे माझ्या शेजारी येऊन बसले.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. दर तिसऱ्या दिवशी मी बोट इथेच लावली, दहालाच. मला वाटत होतं मी बदलतेय."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तिसरा दिवस."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भीती कुठल्या कुठे पळाली. "मग तोंड शिवलं होतं का तुमचं? पाय गेला असता! जीव गेला असता! जी गोष्ट त्या मगरीला कळली, तुम्हाला कळली, ती मला एकदा सांगता आली नाही?"

हे नदीकडे वळले. मग म्हणाले, "मला वाटलं तू मुद्दाम ठेवतेस. चहासाठी."

मी पायात उरलेली एक चप्पल काढून हातात घेतली.

"एकोणीस वर्षांत तू कधी खाली उतरली नव्हतीस," हे म्हणाले. "बोललो असतो, तर तू वेळ बदलली असतीस."

मी मुद्दाम ठेवली होती का? शपथेवर विचारलंत तरी मला सांगता येणार नाही. मॅडमला मी म्हटलं होतं, तसंच सुचलं. पण दहाच का सुचलं, सात का नाही, नऊ का नाही? रात्रंदिवस ज्या पायांची काळजी वाहिली, ते पाय मीच मगरीच्या तोंडाशी नेऊन ठेवले, आणि ते कशापायी, तर ह्यांच्याजवळ पाच मिनिटं उभं राहता यावं म्हणून? की तसंही काही नव्हतं, आणि ह्या बिचाऱ्याने उगाच एवढे दिवस तसं मानलं? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तेही मला कळेना. मला एकदम रडू आलं.

त्याच दुपारी मी खालचा धक्का बंद केला. खुंट्याला साखळी घातली, कुलूप लावलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर "बरं केलंस," म्हणाले, आणि मग उगाचच ओल्या दोराची गाठ सोडवत बसले.